सदतीस कपच्या: पोर्टलंड व्हाज तीनदा कसा सांधला गेला

1948 सालच्या ऑक्टोबरमध्ये एक गृहस्थ लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये काचेच्या कपच्या घेऊन आले. कुणा दिवंगत माणसाच्या सामानाची किंमत ठरवायचं काम त्यांच्याकडे आलं होतं आणि त्या सामानात या कपच्या निघाल्या होत्या. एकूण 37. काच गडद निळी, काही तुकड्यांवर पांढरा थर. हे कशाचे तुकडे आहेत ते त्यांना कळेना, म्हणून ते विचारायला आले होते. ग्रीक आणि रोमन विभागाचे प्रमुख तेव्हा बर्नार्ड अ‍ॅशमोल होते. आणलेल्या कपच्या ज्या भांड्याच्या होत्या, ते पोर्टलंड व्हाज नावाचं रोमन काचभांडं त्याच इमारतीत काचेच्या कपाटात उभं होतं आणि ते फुटल्याला 103 वर्षं झाली होती.

मी काच आणि चिनीमातीच्या जुन्या वस्तू सांधायचं काम करते. या कामात नव्याने आलेल्या मुलामुलींना मी पहिल्या आठवड्यात हीच गोष्ट सांगते. जुन्या काचेचा संग्रह करणाऱ्यांनीही ती नीट जाणून घ्यावी असं मला मनापासून वाटतं. संग्राहक भांड्याच्या घाटाबद्दल, रंगाबद्दल, किमतीबद्दल भरभरून बोलतात. पण ते भांडं आधी कुणी सांधलं, कशाने सांधलं आणि सांधताना काय उरलं, हे फार थोडे जण विचारतात. पोर्टलंड व्हाजचं प्रकरण मुळात त्या उरलेल्याचं आहे.

भांडं आणि त्याचा फुंकर

भांडं फार मोठं नाही. उंची साधारण साडेचोवीस सेंटिमीटर, रुंदी पावणेअठरा. इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या सुरुवातीला, म्हणजे रोमचा पहिला सम्राट ऑगस्टस याच्या आगेमागे ते घडलं असं मानलं जातं. अंगाने जवळजवळ काळं दिसावं इतकं गडद निळं, आणि त्यावर पांढऱ्या काचेत कोरलेल्या सात मानवी आकृत्या, एक सर्पासारखा प्राणी, दोन्ही कानांखाली शिंगं असलेले दाढीवाले चेहरे. हे ग्रीक कथेतला वीर पीलियस आणि समुद्रदेवता थेटिस यांचं लग्न आहे, की ऑगस्टसच्या आईची कथा आहे, यावर अभ्यासकांचा वाद दोन शतकं चालू आहे. मी त्यात शिरत नाही, माझं लक्ष काचेकडे आहे.

फुंकणीने काच फुगवायची कला सीरिया-पॅलेस्टाइनच्या किनारपट्टीवर इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकाच्या मध्याला जन्मली. जेरुसलेमच्या जुन्या शहरात उत्खननात काचकामाचा जो उकिरडा सापडला, त्यात फुगवलेल्या काचनळ्या आहेत. ती त्या कलेची अगदी सुरुवातीची पावलं. त्याआधी काचेचं भांडं म्हणजे गाभ्याभोवती काच गुंडाळून किंवा साच्यात ओतून केलेली महागडी वस्तू होती. फुंकणी आली आणि दोनएक पिढ्यांत काच स्वस्त झाली. भूगोलकार स्ट्रॅबो लिहून गेला आहे की रोममध्ये काचेचा पेला तांब्याच्या एका नाण्याला मिळतो. रोमन साम्राज्याच्या कडेकोपऱ्यांत थडग्यांतून आज जी छोटी अत्तरदाणीसारखी भांडी निघतात, ती बहुतेक या स्वस्ताईची देणगी आहे. सामान्य संग्राहकाच्या कपाटात येतात तीही तीच.

या काचेचा धागा आपल्याकडेही येतो. ‘पेरिप्लस’ या पहिल्या शतकातल्या व्यापारी मार्गदर्शकात भडोचला उतरणाऱ्या मालात कच्ची काच मोजली आहे, आणि त्याच भडोचहून पैठण 20 दिवसांच्या वाटेवर आहे, असंही सांगितलं आहे. पैठणनंतर तगर, म्हणजे आपलं तेर. ज्या हातांनी इथे काचेचे मणी केले त्यांच्यापर्यंत भूमध्य समुद्राकडची कच्ची काच पोचायची वाट तेव्हा उघडी होती. तेरच्या संग्रहालयात मी जाते तेव्हा हे डोक्यातून जात नाही.

पोर्टलंड व्हाज मात्र तांब्याच्या नाण्याला मिळणारी वस्तू कधीच नव्हती. फुंकणीवर निळ्या काचेचा गोळा घेऊन कारागिराने तो थोडा फुगवला. मग तो वितळलेल्या पांढऱ्या काचेच्या मुशीत अर्ध्याहून वर बुडवला. दोन्ही थर एकत्र फुगवून भांड्याचा घाट आणला, कान लावले आणि सगळं सावकाश निवू दिलं. नंतर रत्नं कोरणाऱ्याच्या हत्यारांनी पांढरा थर कोरून काढला. जिथे पांढरं पातळ केलं तिथून खालची निळी छटा झिरपते, म्हणून कापडाची चुणी, झाडाची दूरची फांदी अगदी जिवंत वाटते. इथली खरी अडचण कोरण्यात नाही. दोन वेगळ्या काचा निवताना सारख्या प्रमाणात आकसल्या पाहिजेत. नाहीतर दोघींमध्ये ताण राहतो, आणि तो ताण कधीतरी, कुठल्या तरी थंड सकाळी तडा होऊन बाहेर येतो.

हे पुस्तकी बोलणं नाही. 1876 मध्ये इंग्लंडचे जॉन नॉर्थवूड यांनी तीन वर्षं खपून काचेत या भांड्याची बरहुकूम नक्कल कोरली, आणि काम संपत आलं असताना त्या भांड्याला तडा गेला. त्यांनी ते सांधून पुरं केलं. आज ती नक्कल अमेरिकेत कॉर्निंगच्या काच संग्रहालयात आहे. रोमन कारागीर काय दर्जाचा होता ते मला नॉर्थवूडच्या तड्याने कळलं.

हातोहात

भांड्याची पहिली पक्की नोंद 1600-01 च्या हिवाळ्यातली आहे. पेरेस्क नावाच्या फ्रेंच विद्वानाने ते रोममध्ये कार्डिनल देल मोंते यांच्या संग्रहात पाहिलं. एका सम्राटाच्या थडग्यात ते सापडलं अशी गोष्ट सांगतात, पण तिला आधार कमी आहे. देल मोंते गेल्यावर ते बार्बेरिनी घराण्याकडे आलं आणि दीडशे वर्षं तिथेच राहिलं. जुगाराच्या कर्जापायी त्या घराण्यातल्या एका राजकन्येने ते विकलं. स्कॉटिश व्यापारी जेम्स बायर्स यांच्याकडून 1783 मध्ये सर विल्यम हॅमिल्टन यांनी ते घेतलं. हॅमिल्टन नेपल्समधले इंग्लंडचे राजदूत आणि पट्टीचे संग्राहक. त्यांनी ते लंडनला आणून पोर्टलंडच्या विधवा डचेसना विकलं. त्यांना ते फार काळ भोगता आलं नाही, 1785 मध्ये त्या वारल्या. 1786 च्या लिलावात त्यांच्याच मुलाने, तिसऱ्या ड्यूकने, भांडं घरात राखलं आणि तेव्हापासून ते या घराण्याच्या नावाने ओळखलं जातं.

या हातोहात फिरण्यात एक गोष्ट संग्राहकांनी टिपून ठेवावी अशी आहे. भांड्याचा तळ मूळचा नाही. कधीतरी, कदाचित प्राचीन काळीच, खालचा भाग फुटला. आज अभ्यासकांना वाटतं की ते मुळात खाली निमुळतं होत गेलेलं, अँफोरा या दोन कानांच्या जुन्या सुरईसारखं भांडं होतं. फुटल्यावर कुणीतरी निळ्या-पांढऱ्या काचेची दुसरीच एक चकती तळाला बसवली. तिच्यावर फ्रिजियन टोपी (पुढे वाकलेल्या टोकाची) घातलेला एक तरुण कोरला आहे, बहुधा ग्रीक कथेतला ट्रॉयचा राजपुत्र पॅरिस. निळा रंग वेगळा, कोरीवकाम वेगळं, प्रमाण वेगळं. तरी दोन शतकं मोठमोठ्या जाणकारांनी ती चकती याच भांड्याची समजून तिचे अर्थ लावले.

आमच्या कामात अशा वस्तू रोज येतात. एका भांड्याचं तोंड, दुसऱ्याचं अंग, तिसऱ्याची बैठक, आणि सांध्यावरून कुणीतरी मातीचा मुलामा फिरवलेला. बाजारातल्या रोमन काचेत हा प्रकार फार आहे. जमिनीत पडून काचेवर जे इंद्रधनुषी पापुद्रे येतात, त्यांच्याखाली सांधा लपतो. म्हणून मी दरवेळी सांगते, भांडं विकत घेताना आधी उलटं करून तळ बघा, भिंगातून सांधे बघा, आणि 1970 च्या आधीपासून ते कुणाकडे होतं याचा कागद मागा. सांस्कृतिक वस्तूंच्या चोरट्या व्यापाराविरुद्धचा युनेस्कोचा करार त्या वर्षीचा आहे. कागद नसेल तर भांडं कितीही देखणं असो, ते कुठल्या तरी लुटलेल्या थडग्यातून आलं असण्याची शक्यता हातात घेऊनच घरी न्यावं लागतं. मी ते नेणार नाही.

वेजवूडची चार वर्षं

लिलावानंतर लगेच, जून 1786 मध्ये, तिसऱ्या ड्यूकने भांडं कुंभकार जोसाया वेजवूड यांना उसनं दिलं. वेजवूडला ते आपल्या जॅस्पर या मातीत उतरवायचं होतं. त्याला वाटलं होतं त्याच्या कितीतरी पट हे अवघड निघालं. माती भट्टीत फुगायची, तडकायची. पातळ पांढऱ्यातून निळं झिरपणं मातीत आणायचं तरी कसं? पहिली मनासारखी नक्कल साधायला जवळजवळ चार वर्षं गेली. 1790 मध्ये त्याने ती लोकांना दाखवली, आणि रॉयल अकादमीचे अध्यक्ष सर जोशुआ रेनॉल्ड्स यांनी ती मूळ भांड्याबरहुकूम असल्याचा दाखला सही करून दिला.

वेजवूडबद्दल मला फार आदर आहे, आणि तो त्याच्या धंद्यासाठी नाही. चार वर्षं एखादी वस्तू समोर ठेवून तिची प्रत्येक रेषा पुन्हा काढणं म्हणजे त्या वस्तूची नोंद करणंच असतं. त्या काळी छायाचित्र नव्हतं. भांडं फुटलं तेव्हा तुकडे जुळवणाऱ्याला कुठे काय होतं ते सांगायला वेजवूडची प्रत होती. त्याने ती त्या हेतूने केली नव्हती, पण तिने ते काम केलं.

7 फेब्रुवारी 1845

1810 मध्ये चौथ्या ड्यूकने भांडं ब्रिटिश म्युझियमकडे ठेवायला दिलं. मालकी घराण्याचीच, जपणूक म्युझियमची. पस्तीस वर्षं ते तिथे उभं होतं.

7 फेब्रुवारी 1845 च्या दुपारी पावणेचारच्या सुमारास एक तरुण दालनात शिरला, जवळ ठेवलेलं दगडी शिल्प त्याने उचललं आणि काचेच्या कपाटावर घातलं. कपाटही गेलं आणि आतलं भांडंही. दोनशेच्या वर तुकडे झाले. आपलं नाव त्याने विल्यम लॉइड सांगितलं, पण म्युझियमच्या चौकशीत ते खोटं निघालं. त्याचं नाव मल्काही होतं आणि तो डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजातून गायब झालेला विद्यार्थी होता. आठवडाभर पीत होतो, असं त्याने सांगितलं.

पुढे जे झालं ते कायद्याच्या विद्यार्थ्यांनीही वाचावं. हेतुपुरस्सर नुकसानीच्या त्या वेळच्या कायद्यात फक्त 5 पौंडांपर्यंतच्या किमतीच्या वस्तूचं नुकसान बसत होतं. म्हणजे अनमोल वस्तू फोडली तर शिक्षा नाही, स्वस्त वस्तू फोडली तर आहे. शेवटी त्याच्यावर खटला चालला तो काचेचं कपाट फोडल्याबद्दल. शिक्षा झाली 3 पौंड दंड, नाहीतर दोन महिने सक्तमजुरी. तो कैदेत गेला, आणि थोड्याच दिवसांत कुणी अनामिकाने टपालाने दंडाचे पैसे पाठवून त्याला सोडवलं. ड्यूकने दिवाणी दावा लावला नाही. त्या तरुणाचे घरचे लोक गरीब आहेत, एकाच्या वेडाची भरपाई त्यांनी का करावी, असं त्याचं म्हणणं होतं. मालकाचं इतकं नुकसान झाल्यावर हा विचार त्याला सुचला, हे मला मोठं वाटतं. त्याच वर्षी इंग्लंडच्या संसदेने कलावस्तू आणि संग्रहांच्या संरक्षणाचा वेगळा कायदा केला.

आपल्याकडे हातातली बांगडी फुटली तर फुटली म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. फुटणं हा शब्दच उच्चारायचा नाही. पण आमच्या टेबलावर तो उच्चारावा लागतो, आणि त्याहून पुढे जाऊन मोजावाही लागतो. किती तुकडे, कुठे पडले, कुठल्या दिशेने उडाले, केरसुणीत किती गेले. काचेच्या अपघातात पहिला अर्धा तास सगळ्यात मोलाचा असतो. 1845 मध्ये तुकडे काळजीपूर्वक गोळा केले गेले, टी. एच. शेपर्ड या चित्रकाराने ते मांडलेले असताना त्यांचं जलरंगात चित्र काढलं. ते चित्र आजही आहे. त्या काळाच्या मानाने ही नोंद फार चांगली होती. मग 37 कपच्या सुटल्या कशा?

डबलडेचा हात

भांडं सांधलं जॉन डबलडे यांनी. ते म्युझियमसाठी काम करणारे कुशल कारागीर, मुद्रा आणि नाण्यांचे ठसे करण्यात वाकबगार. फेब्रुवारीत फुटलेलं भांडं सप्टेंबरमध्ये पुन्हा उभं होतं. कामावर खूश होऊन म्युझियमने त्यांना 25 पौंड जास्तीचे दिले. ज्यांनी ते पाहिलं त्यांना चमत्कार वाटला, आणि खरोखर तो होताच. पॅरिसची चकती त्यांनी तळाला परत लावली नाही, ती तेव्हापासून वेगळी मांडली जाते. चुकीचा तळ पुन्हा न लावण्याची समज 1845 मध्ये दाखवणं सोपं नव्हतं. तिच्या जागी त्यांनी साध्या काचेचा तळ बसवला आणि त्यावर हिऱ्याने कोरलं: 7 फेब्रुवारी 1845 ला फुटलं, 10 सप्टेंबर 1845 ला सांधलं, जॉन डबलडे यांनी.

तारीख कोरली, नाव कोरलं. पण या भांड्याचे 37 तुकडे बसले नाहीत आणि ते अमुक जागी ठेवले आहेत, हे वाक्य कुठे नव्हतं. कपच्यांसाठी 37 खणांची पेटी करायला दिली होती. तुकडे पेटी करणाऱ्याकडे गेले आणि तिथेच राहिले. डबलडे 1856 मध्ये वारले. पेटी मागायला कुणी गेलं नाही.

कपच्या बसल्या का नाहीत, याचं माझं उत्तर कारागिरीचं आहे. दोनशे तुकडे जोडताना प्रत्येक सांध्यात सरसाचा एक पातळ पापुद्रा राहतो. एका सांध्यात तो दिसतही नाही. पण गोलाकार भांड्यात दहा सांधे एका रेषेत आले की दहा पापुद्र्यांची जाडी साठते. वर्तुळ मिटत येतं तेव्हा शेवटच्या तुकड्याची जागा तुकड्याहून बारीक झालेली असते. आम्ही म्हणतो, तुकड्याची वाट बंद झाली. मग मोठा तुकडा कसाबसा बसवला जातो आणि लहान कपच्या बाहेर राहतात. कधी कधी मोठा तुकडा बसावा म्हणून त्याची कड घासली जाते. 1988 मध्ये भांडं पुन्हा उकललं तेव्हा काही तुकड्यांच्या कडा खरोखर घासलेल्या निघाल्या.

डबलडे यांच्याबद्दल माझ्या मनात राग नाही, पण घासलेल्या कडेपाशी मी दरवेळी थांबते. सरस काढता येतो. मेण काढता येतं. घासलेली काच परत येत नाही.

मधलं शतक

1929 मध्ये घराण्याने भांडं ख्रिस्टीजच्या लिलावात ठेवलं. बोली 29,000 गिनीपर्यंत गेली आणि राखीव किमतीला न पोचल्याने भांडं परत गेलं. अखेर 1945 मध्ये, फुटल्याला बरोबर शंभर वर्षं झाल्यावर, एका मृत्युपत्रातल्या देणगीच्या पैशांतून म्युझियमने ते विकत घेतलं. एकशे पस्तीस वर्षं दुसऱ्याची वस्तू म्हणून सांभाळलेलं भांडं आता म्युझियमचं झालं, आणि तीन वर्षांनी त्या कपच्या दारात आल्या.

डबलडे यांचे सांधे तोवर काळवंडून उठून दिसत होते. जे. डब्ल्यू. आर. अ‍ॅक्सटेल या संवर्धकाने नोव्हेंबर 1948 मध्ये भांडं उकलायला घेतलं आणि फेब्रुवारी 1949 च्या सुरुवातीला पुन्हा उभं केलं. अडीच महिने. 37 पैकी तीन कपच्या त्यांना बसवता आल्या, चौतीस उरल्या.

अडीच महिन्यांत दोनशे तुकड्यांचं काम उरकणं मला घाईचं वाटतं. त्या वेळी त्यांनी नवा टिकाऊ चिकटपदार्थ वापरला अशी समजूत होती. पुढे कळलं की काही ठिकाणी सरस आहे आणि काही ठिकाणी मेण. संग्रहातल्या वस्तूला काय लावलं हे कागदावर उतरलं नाही की पुढच्याला अंधारात हात घालावा लागतो. चाळीस वर्षांत तो चिकटपदार्थ पिवळा पडला, ठिसूळ झाला. 1987-88 मध्ये रोमन काचेचं एक मोठं प्रदर्शन देशोदेशी फिरणार होतं. या भांड्याशिवाय ते अपुरं, पण सांधे इतके ढिले झाले होते की ते प्रवासाला निघूच शकलं नाही.

तिसऱ्यांदा

1988 मध्ये नायजेल विल्यम्स आणि सँड्रा स्मिथ यांनी काम हाती घेतलं. विल्यम्सची ओळख द्यायची तर इंग्लंडमधल्या सटन हू इथल्या प्राचीन दफनात सापडलेलं शिरस्त्राण. शेकडो गंजक्या तुकड्यांतून ते त्यांनी जुळवलं होतं. आणखी एक गोष्ट मला विलक्षण वाटते. पोर्टलंड व्हाज इंग्लंडला आणणाऱ्या हॅमिल्टनने पुढे ग्रीक भांड्यांचा दुसरा संग्रह जमवला आणि तो मायदेशी पाठवताना 1798 मध्ये ‘कोलोसस’ हे जहाज सिली बेटांपाशी बुडालं. पावणेदोनशे वर्षांनी समुद्रतळातून त्या भांड्यांचे हजारो तुकडे वर आले, आणि ते जुळवण्यातही विल्यम्सच होते. एका संग्राहकाच्या दोन्ही संग्रहांचे तुकडे अखेर एकाच माणसाच्या टेबलावर आले.

सुरुवात सांधण्याने झाली नाही. आधी छायाचित्रं झाली, प्रत्येक तुकड्याची जागा दाखवणारी रेखाचित्रं झाली. मग भांड्याला आतून-बाहेरून टीपकागद लावून ते काचेच्या बंद पात्रात ठेवलं आणि आत द्रावक सोडला. तीन दिवस कुणी हात लावला नाही. जुना चिकटपदार्थ मऊ झाला आणि टीपकागदाच्या आधाराने भांडं आपोआप सुटं झालं. जोर नाही, सुरी नाही. हा टप्पा वाचताना माझे श्वास दरवेळी मंद होतात, कारण सुटं करताना नवा तुकडा पडला तर तो तुमच्या नावावर.

यानंतरची साफसफाई कंटाळवाणी असते आणि तीच निर्णायक असते. प्रत्येक कडेवरून जवळजवळ दीडशे वर्षांचा सरस, मेण, धूळ निघायला हवी. केसाच्या जाडीचा कण राहिला तरी वर्तुळ मिटताना तो बोलतो. जोडण्यासाठी त्यांनी इपॉक्सी ही कृत्रिम राळ निवडली. ती निवडताना ती आज किती घट्ट धरते एवढंच बघून चालत नाही. ती उजेडात किती वर्षांनी पिवळी पडेल, काचेच्या इतकाच उजेड वाकवेल का, म्हणजे सांधा डोळ्यांना लपेल का, हे सगळं बघावं लागतं. बाजारात मिळणारी पटकन वाळणारी चिकटद्रव्यं या कामात मी कधीच वापरू देत नाही. आज ती सोन्यासारखी वाटतात आणि दहा वर्षांत गुळासारखी दिसतात.

यावेळी कपच्यांनी आपली जागा घेतली. बसवण्याचा क्रम आधी ठरवला होता, वाट बंद होऊ दिली नव्हती. अगदी बारीक अशा मोजक्या कपच्या सोडल्या तर सगळ्या भांड्यात गेल्या. ज्या जागी काच कायमची हरवली होती तिथे निळा किंवा पांढरा राळेचा भराव घातला. लांबून सांधा दिसत नाही, जवळ गेल्यावर भराव कुठला आणि काच कुठली ते जाणकाराला ओळखता येतं. मला हेच योग्य वाटतं. पाहणाऱ्याला फसवायचंही नाही आणि त्याच्या डोळ्यांत सलायचंही नाही.

माझ्या टेबलावरचा नियम

एक साधा नियम मी या प्रकरणातून घेतला आहे. भांडं सांधून झाल्यावर जे उरतं, दाण्याएवढंसुद्धा, ते एका पाकिटात जातं. पाकिटावर भांड्याचा क्रमांक, तारीख, तुकड्यांची संख्या आणि काय लावलं ते. पाकिटाची एक नोंद भांड्याच्या फायलीत, दुसरी संग्राहकाच्या हातात. पाकीट भांड्याबरोबरच राहतं. खण करायला, छायाचित्र काढायला, दाखवायला म्हणून कुणाला वेगळं दिलं जात नाही.

घरी एखाददुसरं जुनं काचेचं भांडं असणाऱ्यांनाही माझं हेच सांगणं आहे. इंद्रधनुषी पापुद्रा खरडू नका, पाण्यात भिजवू नका, मूळ काचच त्या पापुद्र्याच्या रूपाने हळूहळू सुटत असते. सुटलेला पापुद्रा झटकून टाकू नका, तो पाकिटात ठेवा. फुटलं तर केरसुणी घेऊ नका, जाड कागद आणि मऊ कुंचला घ्या. आणि घाईने चिकटवू नका. सुटे तुकडे शंभर वर्षं थांबू शकतात. घाईत चिकटवलेल्या भांड्याला मात्र पुढच्या माणसाने पुन्हा फोडावं लागतं, सावकाश आणि द्रावकात.

भांडं आज ब्रिटिश म्युझियमच्या रोमन दालनात आहे, पॅरिसची चकती वेगळी. अधूनमधून हलकी सफाई सोडली तर पुढची शंभरएक वर्षं मोठं काम निघू नये असा अंदाज आहे. निघालंच तर तेव्हाच्या संवर्धकाला 1988 ची छायाचित्रं मिळतील, रेखाचित्रं मिळतील, कुठे कुठली राळ आहे ते मिळेल. आणि ज्या थोड्या कपच्या अजूनही बाहेर आहेत, त्या कशाच्या आहेत हे विचारायला कुणाला यावं लागणार नाही.